पिवळ्या पट्ट्यावरून नाव ठेवू नका

मे महिन्यात नांदेड-लातूरकडे गळका नळ किंवा कूलरची टाकी दिसली की गांधीलमाशी तिथं हजर. मोबाइलवर तिचा फोटो पटकन निघतो, पण नाव सांगताना भलेभले अडखळतात. कारण आपली नजर आधी रंगावर जाते आणि या माशीचा रंग फार फसवा.

पट्टा किती रुंद यापेक्षा तो कुठं आहे ते बघा. अंग काळं आणि ठसठशीत पिवळा पट्टा कंबरेजवळ असेल तर ती बहुधा व्हेस्पा ट्रोपिका. अंग तांबूस-तपकिरी, चेहरा पिवळा आणि पट्टा मागे, पोटाच्या तिसऱ्या-चौथ्या खंडावर असेल तर व्हेस्पा ओरिएंटॅलिस. या दुसरीचा पिवळा रंग नुसता दिखाऊ नाही! त्यातलं रंगद्रव्य सूर्यप्रकाश शोषून घेतं, असं तेल अवीवच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं.

पोटाचे खंड दुर्बिणीच्या नळ्यांसारखे एकमेकांत सरकतात. माशीनं पोट आखडलं की पट्टे झाकले जातात, ताणलं की झाकलेल्या कडा उघड्या पडतात. एकाच माशीचे दोन फोटो दोन जातींचे वाटतात ते यामुळे. शिवाय काही जातींत कोशात असताना गारवा मिळाला तर काळा रंग वाढतो. आणि संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांचं तर विचारूच नका: सायनाइडच्या बाटलीत मारलेल्या माशीचा पिवळा रंग चक्क लालसर होतो.

आपल्याला गोंधळात पाडणारा हा फरक माश्यांच्या मात्र कामाचा. अमेरिकेतल्या एका कागदी घरं बांधणाऱ्या जातीवर एलिझाबेथ टिबेट्स यांनी प्रयोग केला आणि तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. माशीच्या तोंडावरच्या खुणा रंगानं बदलल्या, तर तिच्याच पोळ्यातल्या सोबतिणी तिच्यावर धावून जाऊ लागल्या. म्हणजे त्या एकमेकींना चेहऱ्यावरून ओळखतात! आपल्याकडच्या रोपॅलिडिया मार्जिनाटाचं उलटं. तिची राणी आणि कामकरी दिसायला सारख्याच, फोटोवरून राणी कोण ते सांगता येत नाही. म्हणूनच बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांचे सहकारी एकेका माशीवर रंगाचे ठिपके देऊन वर्षानुवर्षं नोंदी ठेवत आले.

नर की मादी? मिशांचे खंड मोजा. मादीचे १२, नराचे १३. नांगी फक्त मादीला, कारण ती अंडी घालायच्या अवयवापासूनच घडलेली. अर्थात मोजणी फोटो मोठा करून करायची, पोळ्याजवळ जाऊन नाही.

भिंतीवर मातीचं घर असेल तर काम आणखी सोपं. बारीक गळ्याचं इवलंसं मडकं असेल तर ते कुंभारीण माशीचं, आत पिल्लासाठी अळ्या साठवलेल्या. लांबट खोल्यांवर चिखलाचा गिलावा थापलेला असेल तर ते स्केलिफ्रॉनचं, आत कोळी. बसल्यावर पंखही बघा: कुंभारीण ते लांबीत दुमडते, स्केलिफ्रॉन दुमडत नाही. आणि अशा जुन्या घरातून चकचकीत निळी माशी बाहेर पडली तर चक्रावू नका. ती चॅलिबिऑन, दुसरीनं सोडलेल्या घरातही खुशाल संसार थाटणारी.