विहीर सापडेना

एखाद्या सरकारी संकेतस्थळावर शोधाच्या चौकटीत ‘विहीर अनुदान’ टाइप केलं आणि ‘काहीही आढळले नाही’ असं उत्तर आलं, तर लगेच नाद सोडू नका. पानाचा मथळा ‘सिंचन विहिरींसाठी अर्थसाहाय्य’ असा असू शकतो.

साध्या चौकटीला आपला प्रश्न कळत नसतो. जाड पुस्तकाच्या शेवटी असते तशी शब्दसूची तिच्यामागे तयार असते: कोणता शब्द कोणकोणत्या पानांवर आहे. त्या सूचीशी आपला शब्द जुळला तरच पान हाती येतं. इंग्रजी शब्दांची शेपटं छाटून मूळ गाठायची मार्टिन पोर्टर यांची रीत १९८० पासून प्रसिद्ध आहे. मराठीचं दुखणं मात्र शेपटापाशी थांबत नाही. प्रत्यय लागला की शब्दाचं अंगच बदलतं. ‘विहीर’मधला दीर्घ ‘ही’ ‘विहिरीला’ म्हणताना ऱ्हस्व होतो. शाळेत ज्या नियमापायी गुण गेले, तोच इथे पान लपवून बसतो! म्हणून दोन्ही रूपं टाकून पाहावीत. काही चौकटी शब्दाचा तुकडाही शोधतात. तिथे नुसतं ‘विह’ टाकलं तरी दोन्ही गळाला लागतात.

शब्द निवडतानाही थोडा कंजूषपणा बरा. एखादा शब्द जितक्या कमी कागदपत्रांत, तितकं त्याचं वजन जास्त, हे केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडलं. योजनांच्याच संकेतस्थळावर ‘योजना’ हा शब्द टाकणं म्हणजे पंढरपुरात ‘वारकरी’ शोधण्यासारखं. ‘ठिबक’, ‘शेततळे’ असे नेमके शब्द टाकावेत.

सगळ्यात फसवा प्रकार डोळ्यांना दिसतच नाही. ‘ॲप’मधला ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र अक्षर म्हणून आला. त्याआधीपासून लोक ‘अ’वर चंद्र चढवून तो लिहीत, अजूनही लिहितात. पडद्यावर दोन्ही सारखेच. संगणकाच्या लेखी मात्र वेगळे. शब्द समोर दिसतोय आणि तरी सापडत नाही, असं झालं तर पानावरचाच शब्द कॉपी करून चौकटीत टाका.

तो निवडलाच जात नसेल, तर ते पान म्हणजे बहुधा स्कॅन केलेला फोटो. त्यातली अक्षरं आधी ओळखून घेतलेली नसतील, तर चौकटीला तिथे नुसतं चित्र असतं. अशा वेळी जीआरचा (शासन निर्णयाचा) क्रमांक किंवा तारीख टाकून पाहावी; यादीत तेवढं तरी कुणीतरी हाताने टाइप केलेलं असतं.