प्रच्छन्न जाहिरात आणि जाहिरातरोधक

आपण जाहिरात आहोत हे लपवून जी जाहिरात अनुभवकथन, सल्ला किंवा बातमीच्या रूपाने समोर येते, तिला प्रच्छन्न जाहिरात म्हणतात. तिचे सर्व प्रकार एकत्र पाहायचे, तर मावळ आणि लोणावळ्याचा परिसर सोयीचा आहे. पवना जलाशयाकाठचे तंबू, तुंगार्लीतले बंगले आणि टायगर पॉइंटवरचे धुके यांच्या रील्स समाजमाध्यमांवर सतत फिरत असतात. त्यांतली कोणती हौसेने केलेली आणि कोणती मालकाने फुकट मुक्काम देऊन करवून घेतलेली, हे नुसते पाहून सांगता येत नाही.

या जाहिरातींचे तीन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात व्यावसायिक फेसबुक किंवा इन्स्टाग्रामला पैसे देतो. त्याची नोंद मित्रांच्या नोंदींमध्ये तशाच रूपात दिसते. फक्त नावाजवळ बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ अशी खूण असते. दुसऱ्या वर्गात व्यवहार थेट इन्फ्लुएन्सरशी, म्हणजे समाजमाध्यमांवर मोठा चाहतावर्ग असणाऱ्याशी होतो. मोबदला रोख, वस्तुरूप किंवा मुक्कामाच्या रूपाने दिला जातो आणि त्याने स्वतः सांगितले नाही, तर तो माध्यमाच्या यंत्रणेलाही कळत नाही. तिसरा वर्ग विकत घेतलेल्या अभिप्रायांचा आणि तारांकनांचा. माझ्या मते दुसरा वर्ग सर्वांत घातक आहे, कारण त्यात विकला जातो तो माणसावरचा विश्वास.

प्रायोजकाचे नाव सांगण्यात कमीपणा नाही, याचा पुरावा मावळातच दगडात कोरलेला आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील शिलालेखानुसार हे शैलगृह वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने पूर्णत्वास नेले, आणि तोच लेख या शैलगृहाला जंबुद्वीपातील सर्वोत्तम म्हणतो. आतील अनेक स्तंभांवर धेनुकाकटाच्या दात्यांची नावे आहेत. स्तुती आहे, पण ती कोणाच्या खर्चाने उभी राहिली हेही सुमारे दोन हजार वर्षे तिथेच वाचता येते. याउलट, २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या प्रचाराने, म्हणजे ‘पेड न्यूज’ने, देशभर खळबळ उडवली. प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाने २०१० मध्ये त्यावर अहवाल प्रसिद्ध केला.

समाजमाध्यमांसाठीचे नियम त्यानंतरचे. भारतीय जाहिरात मानक परिषद ही १९८५ मध्ये स्थापन झालेली स्वनियमन संस्था. इन्फ्लुएन्सरांसाठी तिची मार्गदर्शक तत्त्वे १४ जून २०२१ पासून लागू झाली. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २० जानेवारी २०२३ रोजी आपली सूचनापुस्तिका काढली. जाहीर करण्याजोग्या हितसंबंधांत तिने प्रवास आणि हॉटेलमधील मुक्काम यांचा स्पष्ट उल्लेख केला आहे. म्हणजे पवनाकाठी फुकट मिळालेला तंबूदेखील उघड केला पाहिजे. हे प्रकटन शिफारशीच्याच भाषेत असावे, हॅशटॅगच्या गर्दीत दडवलेले नसावे, आणि व्हिडिओत ते दिसावे तसेच ऐकूही यावे. मराठीत बोलणाऱ्याने ते मराठीतच सांगायचे, ही तरतूद मला विशेष मोलाची वाटते. ३० नोव्हेंबर २०२३ च्या अधिसूचनेत ‘डार्क पॅटर्न’चे, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या मांडणीचे, जे १३ प्रकार दिले आहेत, त्यांत छुपी जाहिरातही आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

नियमांच्या जोडीला वापरकर्त्याच्या हाती असलेले तांत्रिक साधन म्हणजे जाहिरातरोधक. ब्राउझर एखादे पान उघडताना अनेक ठिकाणांहून मजकूर मागवतो. रोधक ती प्रत्येक मागणी गाळणी-यादीशी ताडून पाहतो, जाहिरातीच्या पत्त्यांकडे जाणारी मागणी अडवतो आणि पानातील उरलेले चौकोन लपवतो. अशा याद्या स्वयंसेवक सांभाळतात. ‘ईझीलिस्ट’ ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. समाजमाध्यमांवर मात्र हे साधन अडखळते, कारण तिथे जाहिरात आणि मित्राचे छायाचित्र एकाच पत्त्यावरून येतात. ऑगस्ट २०१६ मध्ये फेसबुकने रोधकांना चुकवणारे बदल जाहीर केले. पुढे ‘स्पॉन्सर्ड’ हा शब्दच पानाच्या संकेतावलीत सुटा सुटा करून, मध्ये अदृश्य अक्षरे पेरून लिहिला जाऊ लागला. माणसाला तो सलग दिसतो, पण रोधकाला सापडत नाही.

निवड करताना आधी उपकरण पाहावे. संगणकावर फायरफॉक्ससोबत रेमंड हिल यांचे ‘यूब्लॉक ओरिजिन’ हा माझ्या मते सर्वोत्तम पर्याय आहे: विनामूल्य, मुक्तस्रोत आणि देणग्याही न स्वीकारणारा. क्रोममध्ये विस्तारांचे नियम बदलल्यामुळे त्याची ‘लाइट’ ही मर्यादित क्षमतेची आवृत्ती वापरावी लागते. अँड्रॉइडवरील फायरफॉक्समध्ये मूळ ‘यूब्लॉक ओरिजिन’ चालतो. आयफोनच्या सफारीत २०१५ पासून वेगळे रोधक जोडता येतात. अँड्रॉइड ९ पासूनच्या ‘प्रायव्हेट डीएनएस’ सोयीत जाहिराती गाळणाऱ्या सेवेचा पत्ता घातला, तर इतर ॲपमधील बऱ्याच जाहिराती थांबतात. इन्स्टाग्रामच्या ॲपमध्ये मात्र यांपैकी काहीच उपयोगी पडत नाही. ते माध्यम ब्राउझरमधून उघडले, तर थोडेफार साधते.

नंतर रोधकाचा पोशिंदा कोण हे पाहावे. ‘ॲडब्लॉक प्लस’ २०११ पासून ‘स्वीकारार्ह जाहिराती’ वगळून बाकीच्या अडवतो आणि या सवलतीसाठी मोठ्या कंपन्या त्याला शुल्क देतात. ही व्यवस्था उघड आहे आणि सेटिंगमधून बंदही करता येते. नामसाधर्म्यापासून मात्र सावध राहावे. २०१७ मध्ये याच नावाचा बनावट विस्तार क्रोमच्या अधिकृत भांडारातून सुमारे ३७ हजार लोकांनी उतरवून घेतला होता. रोधकाला आपण उघडलेले प्रत्येक पान वाचण्याची परवानगी दिलेली असते, म्हणून ही चौकशी अनाठायी नाही. ज्या स्थानिक वृत्तस्थळांचा निर्वाह उघड जाहिरातींवर चालतो, त्यांना अपवाद-यादीत घालणे मला न्याय्य वाटते.

दुसऱ्या वर्गातील जाहिरातीवर, म्हणजे इन्फ्लुएन्सरच्या तोंडच्या स्तुतीवर, कोणतीही गाळणी पुरेशी नाही. यूट्यूबसाठी ‘स्पॉन्सरब्लॉक’ आहे. पण प्रायोजित भाग कोणता, हे त्यातही प्रेक्षकांनाच नोंदवावे लागते. लोणावळ्यातील बंगल्याची आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी त्या जागेची इतरांनी काढलेली छायाचित्रे पाहावीत, मालकाशी बोलावे आणि व्हिडिओ करणाऱ्याला मुक्कामाचे पैसे कोणी दिले, हे टिप्पणीत सरळ विचारावे. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी मूळ व्हिडिओचा दुवा आणि पडद्याचे छायाचित्र आधीच जपून ठेवावे.