चिलुबांची तिसरी खेप

२००१ सालच्या सुरुवातीला झांबियाच्या राजधानीत, लुसाकात, शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या ठोक्याला मोटारींचे हॉर्न वाजू लागत. पायी चालणारे शिट्या फुंकत. अनेकांच्या छातीवर हिरवी फीत टाचलेली असे. मागणी एवढीच होती, की राष्ट्राध्यक्ष फ्रेडरिक चिलुबा यांनी दोन खेपा पुऱ्या झाल्या म्हणून निमूटपणे घरी जावे. हॉर्न वाजवला म्हणून पोलीस पकडणार तरी किती जणांना?

आपल्याकडे पंतप्रधानाने किती वेळा निवडून यावे याला घटनेत मर्यादाच नाही. त्यामुळे एका कलमासाठी सगळे शहर भोंगे वाजवते, ही गोष्ट आपल्याला जरा परकी वाटते. झांबियाच्या लोकांनी मात्र मर्यादा नसल्याची किंमत आधी मोजलेली होती. १९६४ साली स्वातंत्र्य मिळवून देणारे केनेथ कौंडा २७ वर्षे खुर्चीवर होते. १९७२च्या अखेरीस त्यांनी एकपक्षीय राजवट आणली. पुढे देशाचा सारा डोलारा ज्या तांब्यावर उभा होता त्याचेच भाव पडले, कर्ज वाढले आणि मक्याच्या पिठावरचे अनुदान सांभाळणे सरकारला जमेना. मक्याचे पीठ म्हणजे तिथली भाकरी. त्याच पिठाचा घट्ट शिजवलेला न्शिमा दोन्ही वेळा ताटात असतो. जून १९९०मध्ये पिठाचे भाव दुपटीहून जास्त वाढले तेव्हा लुसाकात दंगली पेटल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस एका लेफ्टनंटने रेडिओवरून बंडाची घोषणा केली. ते बंड काही तासांतच मोडले, पण तेवढ्या वेळात लोक रस्त्यावर येऊन नाचून गेले होते. कौंडांना काय कळायचे ते कळले असावे.

जुलैत लुसाकाच्या गार्डन हाउस या हॉटेलात वकील, प्राध्यापक, व्यापारी आणि कामगार पुढारी जमले. त्या बैठकीतून ‘मूव्हमेंट फॉर मल्टिपार्टी डेमोक्रसी’, म्हणजे एमएमडी, उभी राहिली. तिचे नेतृत्व फ्रेडरिक चिलुबांकडे आले. हिशेबनीस म्हणून नोकरी केलेला, जेमतेम पाच फूट उंचीचा आणि फर्ड्या वक्तृत्वाचा हा माणूस १९७४पासून देशातल्या कामगार संघटनांच्या महासंघाचा अध्यक्ष होता. १९८१ साली कौंडांनी त्याला तुरुंगातही टाकले होते. ३१ ऑक्टोबर १९९१च्या बहुपक्षीय निवडणुकीत चिलुबांना सुमारे ७६ टक्के मते पडली आणि १५०पैकी १२५ जागा एमएमडीने जिंकल्या. कौंडांनी पराभव मान्य केला, सत्ता सोडली. आफ्रिकेत त्या काळी हे इतके दुर्मीळ होते, की जगभर चिलुबांइतकेच कौंडांचेही कौतुक झाले.

निवडणुकीआधीच झालेल्या नव्या घटनेत दोन खेपांची मर्यादा आली होती. १९९६ साली चिलुबांच्या सरकारने ती दुरुस्त करून आणखी पक्की केली: दोनदा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आलेल्याला पुन्हा उभे राहता येणार नाही. शिवाय उमेदवाराचे आईवडील दोघेही झांबियाचेच असावेत, अशी अट घातली. कौंडांचे आईवडील मूळचे आजच्या मलावीतले. पुन्हा मैदानात उतरू पाहणाऱ्या म्हाताऱ्याला अडवण्यासाठीच हे कुंपण घातले आहे, हे सगळ्यांना दिसत होते. कौंडांच्या पक्षाने निवडणुकीवर बहिष्कार टाकला आणि चिलुबा सहज जिंकले. मग विरोधकांनी न्यायालयात जाऊन खुद्द चिलुबांच्याच आईवडिलांचे मूळ विचारले. याचिका फेटाळली गेली. पण दुसऱ्यासाठी विणलेले जाळे आपल्याही पायात येऊ शकते, ही सूचना चिलुबांना तेव्हाच मिळाली होती. त्यांनी ती घेतली नाही.

त्यांच्या बाजूने बोलण्यासारखेही थोडे होते. सरकारी आणि नगरपालिकेची घरे त्यांनी तिथे राहणाऱ्या भाडेकरूंना नाममात्र किमतीत विकली. हजारो कुटुंबे त्यामुळे घरमालक झाली. पण तांब्याच्या खाणींचे खासगीकरण रेंगाळत, संशयाच्या सावटात झाले. कारखाने बंद पडले, नोकऱ्या गेल्या. मंत्र्यांचा थाट मात्र वाढत होता. ‘द पोस्ट’ या दैनिकाने पुढे राष्ट्राध्यक्षांना चोर म्हटले, तेव्हा संपादक फ्रेड म्मेम्बे यांच्यावर राष्ट्राध्यक्षांच्या बदनामीचा खटला गुदरला गेला.

अशा वातावरणात ‘लोकांचीच मागणी आहे’ असे म्हणत पक्षाचे जिल्हा पदाधिकारी तिसऱ्या खेपेचे ठराव करू लागले. चिलुबा स्वतः हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. ही खेळी आपल्याला अनोळखी नाही. फेब्रुवारी २००१मध्ये वकिलांची संघटना, महिला संस्थांची समन्वय समिती आणि कॅथलिक, प्रोटेस्टंट व इव्हँजेलिकल चर्चच्या तिन्ही शिखर संस्था लुसाकातल्या ‘ओएसिस’ नावाच्या रेस्टॉरंटमध्ये एकत्र बसल्या. त्यातून ओएसिस फोरम जन्मला. हिरवी फीत आणि शुक्रवारचे हॉर्न ही त्याचीच कल्पना. १९९१च्या डिसेंबरात चिलुबांनी झांबिया ख्रिस्ती राष्ट्र असल्याची घोषणा केली होती. आता व्यासपीठावरून पाद्रीच त्यांना दिलेल्या शब्दाची आठवण करून देऊ लागले, तेव्हा त्यांना परधार्जिणे ठरवण्याची सोय उरली नाही.

तरीही माझ्या मते चिलुबांना रस्त्याने थांबवले नाही. थांबवले ते त्यांच्याच बाकांवरच्या माणसांनी. घटना बदलायला संसदेत दोन तृतीयांश मते हवी होती, आणि विरोधी पक्ष इतके दुबळे होते की एमएमडी एकसंध राहिली असती तर ती मिळालीही असती. पण उपराष्ट्राध्यक्ष क्रिस्टन टेम्बो, शिक्षणमंत्री गॉडफ्रे मियांडा आणि इतर मंत्री उघडपणे विरोधात उभे राहिले. यातल्या काहींना स्वतः राष्ट्राध्यक्ष व्हायचे होते. दहा वर्षे रांगेत थांबलेल्याला पुढचा माणूस पुन्हा खिडकीशीच बसतो म्हणाला तर राग येणारच. त्यांच्या हेतूंना फार सोवळे ठरवण्याची गरज नाही. चर्चने आणि वकिलांनी त्या महत्त्वाकांक्षेला बोलण्याची भाषा दिली आणि हॉर्नच्या आवाजाने धीर दिला. दोन्ही एकाच वेळी जमून आले, म्हणून काम झाले.

एप्रिलच्या अखेरीस काब्वेजवळच्या मुलुंगुशीत पक्षाचे अधिवेशन भरले. विरोधी गटाने त्याकडे पाठ फिरवली. पक्षाची घटना बदलून चिलुबांना पुन्हा पक्षाध्यक्ष करण्यात आले आणि टेम्बो, मियांडा यांच्यासह बंडखोरांची हकालपट्टी झाली. ती महागात पडली. पक्षाबाहेर गेलेल्यांना आता गमावण्यासारखे काही नव्हते. महाभियोगाच्या प्रस्तावासाठी खासदारांच्या सह्या जमू लागल्या. ४ मे २००१ रोजी चिलुबांनी दूरचित्रवाणीवरून जाहीर केले, की आपण तिसऱ्यांदा उभे राहणार नाही.

उत्तराधिकारी म्हणून त्यांनी लेव्ही म्वानावासांना निवडले. हे वकील १९९४ साली भ्रष्टाचाराला कंटाळून उपराष्ट्राध्यक्षपद सोडून गेले होते, पण स्वतःचा गट नसलेला हा माणूस आपल्या मुठीत राहील असा हिशेब असणार. फुटलेल्या विरोधकांमुळे अवघ्या २९ टक्के मतांवर म्वानावासा निवडून आले. सहा महिन्यांतच त्यांनी संसदेत चिलुबांवरील आरोपांचा पाढा वाचला आणि जुलै २००२मध्ये संसदेने माजी राष्ट्राध्यक्षांचे कायदेशीर संरक्षण काढून घेतले.

पुढे उघड झाले ते बहुतेक लंडनच्या एका बँक खात्यातून. गुप्तचर खात्याच्या कामाच्या नावाखाली ‘झामट्रॉप’ या खात्यात सरकारी पैसा जात असे आणि तिथून तो वाटेल तिकडे वळे. झांबिया सरकारने लंडनच्या उच्च न्यायालयात दिवाणी दावा लावला. न्यायमूर्ती पीटर स्मिथ यांनी ४ मे २००७ रोजी निकाल दिला: चिलुबा आणि त्यांच्या साथीदारांनी सुमारे ४ कोटी ६० लाख डॉलर लुबाडले. जिनिव्हातल्या एका दुकानात एकट्या चिलुबांच्या कपड्यांवर ५ लाख डॉलरहून जास्त खर्च झाला होता. त्यांचा अधिकृत पगार वर्षाला १० हजार डॉलरच्या घरातला. लुसाकातल्या एका गोदामात ट्रंका सापडल्या. त्यांत साडेतीनशेच्या आसपास शर्ट होते, २००हून जास्त सूट आणि जाकिटे होती, नावाची आद्याक्षरे कोरलेले उंच टाचांचे ७०हून जास्त जोड बूट होते. सफारी सूटमधल्या कौंडांना हटवणारा कामगार पुढारी दहा वर्षांत इथवर आला होता.

एवढे होऊनही शिक्षा झाली नाही. ऑगस्ट २००८मध्ये म्वानावासा पॅरिसजवळच्या इस्पितळात वारले. वर्षभराने, ऑगस्ट २००९मध्ये, लुसाकाच्या दंडाधिकाऱ्यांनी चिलुबांना फौजदारी खटल्यातून निर्दोष सोडले. अपील दाखल करू पाहणारे तपास पथकाचे प्रमुख मॅक्स न्कोले यांना पदावरून दूर केले गेले आणि पथकही गुंडाळण्यात आले. २०१०मध्ये झांबियाच्या उच्च न्यायालयाने लंडनचा निकाल देशात लागू करायला नकार दिला. चिलुबा जून २०११मध्ये गेले, ते कायद्याच्या दृष्टीने निर्दोष म्हणूनच. पैशाच्या बाबतीत झांबियाची ही लढाई हरलेली आहे आणि म्वानावासांच्या गौरवगाथा लिहिणारे ते फारसे बोलत नाहीत.

खेपांच्या मर्यादेसाठी उभ्या राहिलेल्या आघाडीची वाट मात्र वेगळी झाली. २०१९मध्ये एडगर लुंगू यांच्या सरकारने घटनेत मोठे फेरबदल करणारे विधेयक क्रमांक १० आणले. त्याला विरोध करायला ओएसिस फोरम पुन्हा उभा राहिला, तशाच वकील, महिला आणि चर्चच्या संस्था घेऊन. ऑक्टोबर २०२०मध्ये मतदान झाले तेव्हा १११ मते हवी होती. सरकारला १०५ मिळाली. पुढल्या ऑगस्टात लुंगू निवडणूकही हरले.