गंजिफाचे 120 पत्ते आणि एक कमांड

गेल्या महिन्यात मी गंजिफाचे 120 पत्ते बोरीवली स्टेशनजवळ छापून आणले. आजीने एक उचलला आणि म्हणाली, "अरे, परशुरामातला शु ऱ्हस्व." बाराच्या बारा पत्त्यांवर दीर्घ! आणि प्रत्येक पत्ता मी वेगळा डिझाइन केलेला.

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. म्हणजे हे सरळ टेबलच आहे ना?

तर टर्मिनल उघडा. रूबी आधी हवं. 'जेम इन्स्टॉल स्क्विब', मग 'स्क्विब न्यू गंजिफा' (टाइप अर्थातच इंग्रजीत). तयार फोल्डर मिळतो, त्यात 'डेक.आरबी'. शेजारी सीएसव्ही ठेवा: एका ओळीत एक पत्ता. नाव कुठे, चित्र कुठे, हे डेक फाइलमध्ये एकदाच सांगायचं. 'रूबी डेक.आरबी' मारलं की 120 चित्रं तयार! फाँट देवनागरीचा निवडा, जोडाक्षरं नीट येतात. 'गिट इनिट' पहिल्याच दिवशी करा. मी केलं नव्हतं.

परशुराम आता एका रिप्लेसमध्ये सुधारला. फक्त आजीला पत्ते पूर्वीसारखे गोल हवेत, म्हणून सध्या हातात कात्री आहे.