चुलीचा अभ्यास करणारी मुलगी राष्ट्राध्यक्ष झाली

‘चूल आणि मूल’ हे दोन शब्द बाईला घरात डांबून ठेवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. पण एका मुलीने त्यातली चूल हाच आपल्या संशोधनाचा विषय केला. चुलीत लाकूड किती जळते, त्यातली किती उष्णता भांड्याला लागते आणि किती वाया जाते, याचा तिने हिशेब मांडला. त्या प्रबंधावर तिने पदार्थविज्ञानाची पदवी मिळविली. पुढे हीच मुलगी सुमारे तेरा कोटी लोकवस्तीच्या देशाची राष्ट्राध्यक्ष झाली. तो देश मेक्सिको आणि त्या विदुषी म्हणजे डॉ. क्लॉडिया शेनबॉम.

आपल्याकडे राष्ट्रपती आणि पंतप्रधान अशी दोन वेगळी पदे आहेत. मेक्सिकोत तसे नाही. तेथे राष्ट्राध्यक्ष हाच देशाचा प्रमुख आणि सरकारचाही प्रमुख. १ ऑक्टोबर २०२४ रोजी क्लॉडियाबाईंनी या पदाची शपथ घेतली. मेक्सिकोच्या प्रजासत्ताकाला तोवर दोनशे वर्षे झाली होती आणि त्या दोनशे वर्षांत एकही स्त्री या खुर्चीवर बसलेली नव्हती.

घरातले संस्कार

क्लॉडियाबाईंचा जन्म २४ जून १९६२ रोजी मेक्सिको शहरात झाला. घराणे ज्यू. वडिलांचे आईवडील लिथुआनियातून आलेले, तर आईचे आईवडील हिटलरच्या काळात ज्यूंच्या कत्तलीपासून जीव वाचवून बल्गेरियातून आलेले. वडील रसायन अभियंता, आई जीवशास्त्रज्ञ. घरात पुस्तके होती, विज्ञान होते आणि अन्यायाची चीडही होती. १९६८ च्या विद्यार्थी चळवळीत आईवडील दोघेही सामील होते. २ ऑक्टोबर १९६८ रोजी सरकारने त्लातेलोल्को चौकात विद्यार्थ्यांच्या सभेवर गोळीबार केला. त्या वेळी क्लॉडिया सहा वर्षांची होती. ‘मी अडुसष्टची लेक आहे,’ अशी ओळख त्या पुढे सांगत आल्या.

फीवाढीविरुद्ध लढा

मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठात त्या पदार्थविज्ञान शिकल्या. हे विद्यापीठ सरकारी, फी नाममात्र. म्हणून कामगारांची मुलेही तेथे शिकू शकत. १९८६ साली विद्यापीठाने फी वाढविण्याचे आणि प्रवेशाचे नियम कडक करण्याचे ठरविले. फी वाढली की पहिला घाव कोणाच्या मुलांवर पडतो, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. विद्यार्थ्यांनी संघटना उभारली, १९८७ च्या सुरुवातीला संप केला आणि विद्यापीठाला माघार घ्यावी लागली. क्लॉडियाबाई या लढ्यात पुढे होत्या. ज्ञानाचे दार गरिबाला बंद होऊ द्यायचे नाही, हा धडा त्यांनी वर्गाबाहेर गिरविला.

चूल आणि विज्ञान

आता त्या चुलीकडे येऊ. मेक्सिकोतील मिचोआकान प्रांतात पुरेपेचा हे मूळनिवासी लोक राहतात. तेथील बायका लाकडाच्या चुलीवर मक्याच्या भाकऱ्या भाजतात. उघड्या चुलीत बरीचशी उष्णता हवेत निघून जाते. म्हणजे जळण जास्त लागते, ते आणण्यासाठी पायपीट जास्त होते आणि धूर बाईच्या आणि तिच्या पाठीवरच्या मुलाच्या छातीत जातो. विद्यार्थिदशेत क्लॉडियाबाई या भागात गेल्या. कमी लाकडात जास्त उष्णता भांड्याला कशी लागेल, हा त्यांच्या प्रबंधाचा प्रश्न होता. आपल्याकडच्या निर्धूर चुलीमागेही हाच विचार आहे.

हा प्रश्न लहान नाही. चुलीच्या आणि घरातल्या जळणाच्या धुराने जगात २०२० या एका वर्षात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हे मरण आले ते मुख्यतः गरिबांच्या घरी. मोठमोठ्या प्रयोगशाळांत या प्रश्नाकडे फारसे कोणी पाहत नव्हते, तेव्हा एका तरुण मुलीला त्यात विज्ञान दिसले.

पुढे त्यांनी ऊर्जा अभियांत्रिकीत डॉक्टरेट केली. या संशोधनासाठी त्या सुमारे चार वर्षे अमेरिकेत कॅलिफोर्नियातील एका नामवंत प्रयोगशाळेत होत्या. या काळात घरी दोन मुले होती, हेही आपल्या भगिनींनी ध्यानात घ्यावे. हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञ मंडळाच्या २००७ आणि २०१४ च्या अहवालांत त्यांचे लेखन आहे. या मंडळाला २००७ चे शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तो मान शेकडो शास्त्रज्ञांच्या एकत्रित कामाचा होता.

कारभार: यश आणि अपयश

२००० साली त्या मेक्सिको शहराच्या पर्यावरण खात्याच्या प्रमुख झाल्या. त्यांच्याच काळात, २००५ साली, शहरात स्वतंत्र मार्गिकेतून धावणारी मेट्रोबस सुरू झाली. २०१८ साली त्या शहराच्या महापौर म्हणून निवडून आल्या. २०२१ साली डोंगरउतारावरच्या वस्त्यांपर्यंत दोरीवरून चालणारे पाळणे सुरू झाले. वळणावळणाच्या रस्त्यात बसमध्ये तास-तास घालविणाऱ्या कष्टकऱ्यांचा प्रवास निम्म्यावर आला. चुलीचा हिशेब मांडणारीने येथे गरिबाच्या वेळेचा हिशेब मांडला.

परंतु व्यक्तीचे केवळ गुणगान करणे म्हणजे तिला देव्हाऱ्यात बसविणे होय. म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१७ साली त्या शहराच्या त्लाल्पान विभागाच्या प्रमुख असताना भूकंपात तेथील एक शाळा कोसळली. १९ मुले आणि ७ प्रौढ दगावले. इमारतीवर बेकायदा मजला चढविलेला होता. तो चढला कसा, असे पालकांनी विचारले. ३ मे २०२१ रोजी त्या महापौर असताना मेट्रोचा पूल गाडीसह कोसळला आणि २६ जणांचे प्राण गेले. हा मार्ग आधीच्या कारकिर्दीत बांधलेला होता आणि तपासणीत बांधकामातले दोष आढळले. मात्र देखभालीवरही बोट ठेवले गेले, तेव्हा त्यांच्या प्रशासनाने तो निष्कर्ष नाकारला. हवामानाच्या अभ्यासक असूनही त्या सरकारी तेल कंपनीला पाठबळ देतात, अशी टीकाही होते. शास्त्रज्ञ खुर्चीवर बसला म्हणून प्रश्न विचारायचे थांबवायचे नसते.

एकटी आलेली नाही

२ जून २०२४ च्या निवडणुकीत त्यांना सुमारे साठ टक्के मते मिळाली. त्यांच्या मुख्य प्रतिस्पर्धीही एक स्त्रीच होत्या. हा योगायोग नव्हता. मेक्सिकोत स्त्रियांना देशपातळीवर मताचा अधिकार मिळाला १९५३ साली. पुढे दीर्घ झगडा झाला आणि २०१९ साली सत्तेच्या पदांवर स्त्री-पुरुषांचे प्रमाण समान असावे, असे राज्यघटनेतच लिहिले गेले. प्रतिनिधित्व कायद्याने मिळवावे लागते, ते कोणाच्या मेहेरबानीने मिळत नाही. ‘मी एकटी आलेली नाही, आपण सगळ्याजणी आलो आहोत,’ असे क्लॉडियाबाई म्हणाल्या, त्याचा अर्थ हा आहे.

शपथ घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी २ ऑक्टोबर होता. अडुसष्टच्या लेकीच्या सरकारने त्या दिवशी त्लातेलोल्कोचे हत्याकांड हा मानवतेविरुद्धचा गुन्हा असल्याचे मान्य केले आणि शासनातर्फे जाहीर माफी मागितली. ६० ते ६४ वर्षांच्या स्त्रियांसाठी दर दोन महिन्यांनी तीन हजार पेसोंचे निवृत्तिवेतन सुरू झाले. जन्मभर घरात बिनपगारी राबलेल्या बाईच्या कष्टाची ही सरकारी वहीतली नोंद आहे.

तरीही वाट संपलेली नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये मेक्सिको शहरात भर रस्त्यात, लोकांशी बोलत असताना, एका दारुड्याने देशाच्या राष्ट्राध्यक्षांचा विनयभंग केला. त्यांनी तो प्रकार हसण्यावारी नेला नाही. रीतसर तक्रार नोंदविली आणि विचारले, राष्ट्राध्यक्षांवर ही वेळ येते, तर देशातल्या बाकीच्या मुलींचे काय?

माता-भगिनींनो, तुमच्या घरातली मुलगी चुलीजवळ बसून ‘हा धूर बाहेर का जात नाही?’ असे विचारील, तेव्हा तिला गप्प बसवू नका. तिच्या हाती वही द्या. विज्ञानाची सुरुवात त्याच प्रश्नापासून होते.