दुखत नाही, तरी दाखवा!

भगिनींनो, मुलांचा डेंटिस्ट, सासऱ्यांची शुगर, यांचं बीपी, सगळ्यांच्या तारखा आपल्याला पाठ. स्वतःचा नंबर मात्र शेवटी! "मला काही दुखत नाही, मग कशाला जायचं?" हे उत्तर ठरलेलं. पण स्तनाचा कॅन्सर सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. ऑस्ट्रेलियात सातांपैकी साधारण एका स्त्रीला ८५ वर्षांपर्यंत तो होतो.

हाताला लागण्याआधीच गाठ मॅमोग्राममध्ये, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेमध्ये, दिसू शकते. त्यासाठी १९९१ पासून इथे सरकारी ब्रेस्टस्क्रीन योजना आहे. ५० ते ७४ वयाच्या स्त्रियांना दर दोन वर्षांनी बोलावणं येतं. चाळिशीपासून मागितली तरी तपासणी मोफत होते. डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. एक्स-रे काढणारी बाईच असते, त्यामुळे संकोच नको. दोन प्लेट्समध्ये स्तन काही सेकंद दाबला जातो, तेवढाच त्रास. वीस मिनिटांत मोकळ्या! स्कोफिल्ड्सहून जवळचं केंद्र कोणतं, ते १३ २० ५० वर विचारा. आईंना इंग्रजीची अडचण असेल तर दुभाष्यासाठी १३ १४ ५०.

वेळेवर तपासल्याने काय फरक पडतो? मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून वीस वर्षं सुमारे दीड लाख स्त्रियांवर अभ्यास केला. मॅमोग्राम नाही, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी फक्त हातांनी, दर दोन वर्षांनी तपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तपासलेल्या गटात पन्नाशीपुढच्या स्त्रियांचे या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी!

दोन गोष्टी लक्षात ठेवा. मॅमोग्रामनंतर पुन्हा बोलावलं तर घाबरू नका. अशा बहुतेकींना कॅन्सर नसतो. आणि स्तनात किंवा काखेत गाठ, त्वचेला खळी, स्तनाग्र आत ओढलं जाणं किंवा त्यातून रक्त येणं, असं काही दिसलं तर वय कितीही असो, पुढच्या मॅमोग्रामची वाट बघू नका. थेट जीपीकडे जा. बऱ्याच गाठी साध्याच असतात, पण ते तपासूनच कळतं.

या कार्यक्रमाला देणगी तर आपण देऊच. सोबत आपल्या नावाची अपॉइंटमेंटही घेऊया, आणि शेजारच्या मैत्रिणीलाही घेऊन जाऊया.