भाग ७ : ‘कशाचा?’ हा एकच प्रश्न

मागच्या भागात आपण लसावि आणि मसावि पाहिले. आज सहावी ते आठवीच्या गणिताची थोडी उजळणी करू.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांत एक अडचण हमखास येते. आपण ‘लसावि’ शिकलो, मुलगी शाळेतून ‘एलसीएम’ शिकून येते. इंदूर-भोपाळकडे हिंदी माध्यम असेल तर तोच ‘लघुत्तम समापवर्त्य’ होतो, अपूर्णांकाला ‘भिन्न’ म्हणतात आणि परिमितीला ‘परिमाप’. शब्द अडले की आपण म्हणून टाकतो, “तुझं गणित मला नाही जमायचं.” पण गणित तेच आहे. या वयातल्या पुष्कळ चुका एकाच जागी होतात. तिथे फक्त विचारायचं : कशाचा?

अपूर्णांक. १/२ + १/३ किती? बरीच मुलं अंशात अंश, छेदात छेद मिळवून २/५ लिहितात. लगेच ‘चूक’ म्हणू नका. विचारा, “२/५ मोठा की १/२?” २/५ तर अर्ध्याहून कमी! अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातला आणि भाकरी कमी झाली? असं होणार नाही, हे मूल स्वतःच म्हणेल. अर्धा आणि तिसरा हे वेगवेगळ्या आकाराचे तुकडे आहेत, म्हणून ते नुसते मोजून चालत नाही. दोन्हींचे सारखे तुकडे करायचे. २ आणि ३ चा लसावि ६, म्हणून ३/६ + २/६ = ५/६. लसावि लागतो तो एवढ्यासाठीच.

शेकडेवारी. २००० रुपयांच्या साडीची किंमत दुकानदाराने २० टक्क्यांनी वाढवली आणि मग २० टक्के सूट दिली. किंमत पुन्हा २००० झाली का? इथे थांबा, आधी स्वतः करून बघा.

वाढ २००० ची, म्हणजे ४०० रुपये. किंमत झाली २४००. सूट मात्र २४०० वर, म्हणजे ४८० रुपये. उरले १९२०. टक्के दोन्ही वेळा २०च, पण ‘कशाचे’ ते बदललं.

क्षेत्रफळ. इथे चूक झाली तर खिशाला चाट बसते. खोली १२ फूट बाय १० फूट. क्षेत्रफळ १२० चौरस फूट. फरशी दोन फुटी, म्हणजे २ फूट बाय २ फूट. किती फरश्या लागतील? घाईत आपण १२० ला २ ने भागतो आणि ६० म्हणतो. पण १२० हे चौरस फूट आहेत आणि २ हे नुसते फूट. एक फरशी ४ चौरस फूट जागा व्यापते, म्हणून १२० ÷ ४ = ३०. पडताळा घ्या : लांबीला ६, रुंदीला ५, म्हणजे ६ × ५ = ३०. तुटफूट धरून दोन-तीन जास्त आणा, पण साठ नकोत!

भिंतीच्या कडेने पट्टी लावायची असेल तर क्षेत्रफळ नको, परिमिती हवी : २ × (१२ + १०) = ४४ फूट. दार ३ फुटांचं असेल तर ४१.

आता घरी सोडवायला एक. १२ इंच व्यासाचा एक पिझ्झा जास्त, की ८ इंचांचे दोन? ८ आणि ८ सोळा, म्हणून दोन जास्त वाटतात. पण पोट भरतं ते क्षेत्रफळाने, आणि वर्तुळाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. १२ चा वर्ग १४४. ८ चा ६४, दोनदा घेतला तरी १२८. एकच मोठा जास्त!

आज रात्री मुलांची वही उघडा. सूत्र आठवलं नाही तरी हरकत नाही. शेजारी बसा आणि विचारा, “कशाचा?” उत्तर त्यांनाच शोधू द्या. पुढच्या भागात काटकोन त्रिकोण. भेटू.